गावाच्या इतिहासाची व्याख्यानमाला: वक्ता बोलावण्यापूर्वीची कामे

शिरूर तालुक्यातील एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ-दहा जणांनी मिळून गावाच्या इतिहासाचा गट स्थापन केला आणि दरमहा एक व्याख्यान ठेवायचे ठरवले. पुण्याहून वक्ते आणले. शिवकाळावरील पहिल्या व्याख्यानाला मारुतीच्या देवळाचा सभामंडप भरून लोक बाहेर उभे राहिले. दुसरेही शिवकाळावरच होते, त्याला चाळीस जण आले. तिसरे पेशवाईवर होते आणि त्याला गटाचे सभासद धरून सतरा. मानधन आणि गाडीभाडे यांत वर्गणी संपत आली आहे. तेव्हा उपक्रम चालू ठेवावा का, आणि ठेवायचा तर विषय कोणते घ्यावेत, असे त्यांनी विचारले आहे.

हवेली, पुरंदर आणि मावळ भागांतील अशा गटांबरोबर मी वीस-बावीस वर्षे काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की सतरा हा आकडा वाईट नाही. तिन्ही व्याख्यानांत आपल्या गावाचे नाव किती वेळा आले, हे मात्र तपासावे. माझा अंदाज असा की प्रास्ताविकात आणि आभारप्रदर्शनात आले असेल, मध्ये नाही.

पुण्यात व्याख्यानाच्या दोन परंपरा आहेत. एक वसंत व्याख्यानमालेची, जी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. तेथे मोठा वक्ता येतो, मोठ्या विषयावर बोलतो आणि लोक ऐकून घरी जातात. दुसरी परंपरा भारत इतिहास संशोधक मंडळाची. १९१० मध्ये इतिहास संशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी मंडळ स्थापन केले, आणि पुढे तेथे पाक्षिक सभांची प्रथा रुजली. एखाद्याला कोणाच्या माळ्यावर चार कागद सापडले की तो ते सभेत वाचून दाखवी, बाकीचे शंका काढत, आणि जे टिके ते छापले जाई. श्रोत्यांची संख्या कोणी मोजत नसे. आपल्या गटाने पहिली परंपरा उचलली, म्हणून तीन महिन्यांत दम लागला. गावाला दुसरी परंपरा मानवते, कारण तिला पैसा कमी लागतो आणि ऐकणाऱ्यालाही सांगण्यासारखे काही असते.

म्हणून शिवकाळापासून आरंभ करू नये, हे माझे पहिले आणि थोडे अप्रिय मत आहे. महाराज आपल्या गावात मुक्कामाला होते असे प्रत्येक गावाला वाटते, आणि ज्या गावाला तसा पुरावा मिळत नाही ते गाव हळूहळू तो तयार करू लागते. आरंभ जिवंत माणसांच्या आठवणीपासून करावा आणि तेथून एकेक पायरी मागे जावे.

पहिली सभा १९७२ च्या दुष्काळावर ठेवा. वक्ता नको. गावात आज सत्तरीच्या पुढचे जे स्त्री-पुरुष आहेत, त्यांतील पाच जणांना समोर खुर्च्यांवर बसवा आणि गटातील एकाने प्रश्न विचारावेत. ‘दुष्काळ कसा होता?’ असा प्रश्न विचारला की ‘लई वाईट दिवस होते’ एवढेच उत्तर मिळते आणि सभा तेथेच थांबते. त्याऐवजी खडी फोडायला कोणत्या ठिकाणी जात होता, मुकादम कोण होता, आठवड्याचा पगार कोणत्या वारी मिळे, सुकडी (कामावर वाटले जाणारे पौष्टिक खाणे) कशात बांधून आणत होता, मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी थापताना तुटत होती का, जनावरे विकली की पाहुण्यांकडे पाठवली, असे विचारावे. एका गावात एक आजी पहिला अर्धा तास गप्प होत्या. मिलोचा विषय निघताच त्यांनी हाताचा पंजा पसरून भाकरी कशी फाटत असे ते दाखवले आणि पुढची चाळीस मिनिटे दुसऱ्या कोणाला बोलू दिले नाही. गावाचा पाझर तलाव नेमक्या कोणत्या कामावर झाला, त्यावर कोणकोणत्या वाडीची माणसे होती, हे त्या रात्री प्रथमच कागदावर आले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्यामागे अशा हजारो कामांचा अनुभव होता, एवढा संदर्भ गटातील एखाद्या शिक्षकाने शेवटी पाच मिनिटांत द्यावा.

या सभेचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर होते, त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. मात्र मुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि वय मोठ्याने सांगून घ्यावे, आणि हे जपून ठेवण्यास व इतरांना ऐकवण्यास त्यांची संमती आहे का, हेही तेथेच विचारावे. मुद्रण गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची घाई करू नये. म्हातारी माणसे बोलण्याच्या ओघात कोणाच्या बापाने कोणाचे धान्य लपवले तेही सांगून जातात.

दुसऱ्या-तिसऱ्या सभेत जमिनीकडे वळावे, कारण गावात सर्वांना कळणारा विषय तोच आहे. मुंबई इलाख्यातील ज्या मोजणी पद्धतीवर आपला सातबारा पुढे उभा राहिला, तिची पहिली आकारणी १८३६ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केली. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी, ती मोठी करून भिंतीवर लावावी आणि लोकांना शेतांची नावे सांगायला लावावीत. नकाशावर फक्त आकडे असतात. ‘चिंचेचे टेप’, ‘बामणाचा मळा’, ‘घोडेपागा’, ‘पांढरीचे रान’ ही नावे लोकांच्या तोंडी असतात आणि ती आता एका पिढीत जातील. येथे एक अडचण हमखास येते. १९४७ च्या कायद्यानुसार गावोगाव जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबा सर्व्हे नंबर सांगतात, नातू गट नंबर सांगतो आणि दोघेही बरोबर असतात. दोन्ही नंबर समोरासमोर मांडणारा तक्ता आधी करून ठेवावा, नाहीतर सभेचा सगळा वेळ या वादात जातो.

‘पांढरीचे रान’ हे नाव कोणी घेतले तर तेथे थांबावे. जुन्या मराठीत गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी म्हणत. शेकडो वर्षांची वस्ती, राख, शेण आणि पडलेल्या भिंती यांमुळे माती पांढुरकी होते. आजच्या वस्तीपासून दूर, नदीकाठी, असे पांढऱ्या मातीचे टेकाड असेल आणि लोक शेतात टाकायला तेथून माती नेत असतील, तर ती जागा जुन्या वस्तीची असण्याचा संभव मोठा. आपल्या तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव हे त्याचे थोर उदाहरण आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक हंगाम तेथे उत्खनन केले आणि इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. लहान मूल गेले की दोन मातीच्या कुंभांची तोंडे जोडून त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे, अशी त्या लोकांची रीत होती. हे ऐकताना सभामंडपात जी शांतता पसरते ती कोणत्याही लढाईच्या वर्णनाने पसरत नाही. या विषयाला मात्र बाहेरचा वक्ता बोलवावा, आणि शक्यतो असा, ज्याने स्वतः खापरे हाताळली आहेत. सकाळी त्याला टेकाडावर न्यावे, संध्याकाळी व्याख्यान ठेवावे. गावकऱ्यांनी स्वतः खणू नये हे त्याच्याच तोंडून सांगवावे. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, हेही लोकांना ठाऊक नसते.

नगर रस्त्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांचे एक भाग्य असे की भारतातील अगदी आरंभीची ग्रामपाहणी तुमच्या शेजारी झाली. पेशवाई बुडाल्यावर लगेचच डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने लोणी गावाची बारकाईने पाहणी केली आणि ती १८२३ मध्ये छापली गेली. घरे, अवजारे, जनावरे, कपडे, जेवणातले पदार्थ, सगळे त्याने लिहिले. तेच लोणीकंद पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी पुन्हा अभ्यासले आणि १९६० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९२१ मध्ये, ना. वि. कानिटकर यांच्यासह, जातेगाव बुद्रुकचा. पिंपळे सौदागरमध्ये १७७१ साली सरासरी चाळीस एकर असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती, हा मान यांचा निष्कर्ष शेतीच्या अर्थशास्त्रात आजही दिला जातो. तेथे आता इमारती उभ्या आहेत, हे सांगायला नको. या अहवालांतील प्रश्नावली घेऊन आपल्या गावात फिरावे. चाळीस घरे झाली तरी एका उत्तम सभेचा मजकूर हाती येतो, आणि तो सादर करायला गावातील पदवीच्या वर्गातील मुलगा किंवा मुलगी पुरे.

स्त्रियांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण बहुतेक गट येथे चुकतात. रात्री साडेआठची सभा म्हणजे पुरुषांची सभा. स्त्रियांसाठी दुपारी दोननंतर, बचत गटाच्या बैठकीला जोडून, वेगळी बैठक घ्यावी. त्यांतील बहुतेक सासरी आलेल्या असल्यामुळे ‘गावाचा इतिहास आम्हांला काय ठाऊक’ असे आधी म्हणतात. पण जात्यावरच्या ओव्या त्यांच्याजवळ असतात, आणि ओवीत गावाचे दैवत, यात्रा, सासरमाहेरचा रस्ता, दुष्काळ सगळे येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मुळशी-मावळापासून काम सुरू करून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या अशाच बैठकांतून. ओवी लिहून घेताना प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नये, म्हटली तशी लिहावी.

आता दगड. वीरगळ (लढताना मेलेल्या वीराचा स्मारकदगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचा) बहुतेक गावांत वेशीजवळ किंवा देवळाच्या मागे पडलेल्या असतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली मृत वीर किंवा लढाई, कधी मागे गाईगुरे, म्हणजे गोधन सोडवताना मृत्यू आला. त्याच्या वर अप्सरा त्याला नेत आहेत, आणि शिखरापाशी तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. चंद्रसूर्य कोरलेले असतील तर स्मरण तोवर टिको असा अर्थ. हे एकदा समजले की शाळेतील पाचवीची मुलेसुद्धा दगड वाचू लागतात, म्हणून हा कार्यक्रम व्याख्यान न ठेवता फेरी म्हणून ठेवावा. माझ्याकडून झालेली एक चूक येथे सांगतो. एका गावात मी फेरीच्या आठ दिवस आधी ‘वीरगळ जरा स्वच्छ करून ठेवा’ असा निरोप दिला. तरुण मंडळाने तो तारेच्या ब्रशने घासला आणि पाहुणे येणार म्हणून वरून सोनेरी ऑइल पेंट दिला. चेहरे होते नव्हते ते गेले. तेव्हापासून मी निरोपात ‘पाणी आणि मऊ कुंचा, दुसरे काही नाही’ असे लेखी देतो. शिलालेख असेल तर अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेने, जवळजवळ समांतर धरावी. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर ओळी उभ्या राहतात. त्याच कोनात छायाचित्र घ्यावे.

कागदपत्रे मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण तोवर गटाला गाव माहीत झालेले असते. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत आणि गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले कागद पंचेचाळीस खंडांत छापलेले आहेत. तेथे नुसत्या गावाच्या नावावर शोध घेता येत नाही, एका नावाची पाच-पाच गावे असतात. प्रांत, परगणा आणि तर्फ हे जुने महसुली विभाग, ते कोणते हे हवे. मोडी येणारा एक तरी सभासद गटात असावा. मोडीचे वर्ग पुण्यात पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात भरतात. वर्गाची पायरी चढल्यावर सहा महिने रोज एक पान वाचले तर जमते, न वाचले तर विसरते.

सनांचा घोळ मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. कागदावर ‘सु॥ सबा अशर मया व अलफ’ असे आढळले तर ती अरबी संख्या आहे. सबा सात, अशर दहा, मया शंभर, अलफ हजार, मिळून सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील एक कालगणना) १११७. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७१६, आणि हा सन मृगापासून सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासून १७१७. शकात ७८ मिळवावेत, पौष-माघ-फाल्गुनातील जानेवारीनंतरच्या तिथींना ७९. एका वर्षाची चूक क्षुल्लक वाटते, पण तेवढ्याने पाटील बदललेला असतो.

घराघरांतील कागदांबाबत दोन नियम पाळावेत. कागद घरातून न्यायचा नाही, मालकासमोर ओट्यावर उजेडात छायाचित्र घ्यायचे आणि तेथेच परत बांधून द्यायचा. आणि कोणताही कागद सभेत वाचण्यापूर्वी तो त्या घरात, आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांच्या आजच्या घरांत, आधी वाचून दाखवायचा. हा दुसरा नियम मी फार महागात शिकलो. एका गावात पाटीलकीच्या वादाचा महजर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याचा कागद, आम्ही उत्साहाने जाहीर वाचला. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, परिटाची मोगरी अशा सहीऐवजी काढलेल्या निशाण्या दाखवताना लोक खूश होते. पण निवाड्यात ज्या शाखेची बाजू खोटी ठरली होती, तिचे वंशज दुसऱ्या रांगेत बसलेले होते, आणि यात्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा हा वाद दोन्ही भाऊबंदांत अजून चालू होता. तो कागद पुढच्या आठवड्यात वकिलाकडे पोहोचला आणि आमचा गट वर्षभर बंद राहिला. जातिविषयक नोंदी, शाळेच्या जुन्या रजिस्टरातील नावे, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यू यांबाबतही हीच काळजी घ्यावी. अलीकडे पुष्कळ लोक दाखल्यांसाठी या नोंदी शोधतात, तेव्हा गटाने शोधून देणारी कचेरी होऊ नये.

राहता राहिली व्यवस्था. चैत्रातील यात्रा, लग्नसराई, गणपती, नवरात्र आणि ऊसतोडीचा जोर टाळून वर्षात सहा-सात तारखा उरतात, तेवढ्याच घ्याव्यात. दरमहा हा हट्ट सोडावा. वेळ दूध डेअरीवरील संध्याकाळचे संकलन आटोपल्यावरची. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली असेल तर निकाल लागेपर्यंत सभाच घेऊ नये. सत्कार दोनच, वक्त्याचा आणि ज्याच्या घरचा कागद किंवा दगड आहे त्याचा. मी अशा सभा पाहिल्या आहेत जिथे शाल-श्रीफळाला पन्नास मिनिटे गेली आणि वक्त्याला ‘थोडक्यात आटपा’ अशी चिठ्ठी आली. बाहेरच्या वक्त्याला वर्षातून दोनदा बोलवावे, भाडे आणि जेवण द्यावे, आणि गावातील चार प्रश्न लेखी आधी पाठवावेत. चांगला अभ्यासक मानधनापेक्षा त्या चार प्रश्नांवर येतो.

प्रत्येक सभेनंतर गटाने एका जाड बांधणीच्या वहीत दोन पाने लिहावीत. काय सांगितले गेले, कोणी सांगितले, कोणती शंका निघाली, कोणती अनुत्तरित राहिली. पुढच्या सभेचा विषय त्या अनुत्तरित शंकेतूनच निघावा. वही शाळेत ठेवावी, कोणाच्या घरी नव्हे, आणि तिची छायाचित्रे दोन ठिकाणी ठेवावीत.

सध्या वर्गणीत जे उरले आहे त्यातून वही आणि गावनकाशाची प्रत घ्यावी. दुष्काळाच्या सभेला खर्च चहाचा. आणि गावातील कोणत्याही जुन्या कागदावर मौजे अमुक, तर्फ तमुक असा उल्लेख आढळला तर त्या दोन ओळी मला कळवाव्यात. पुढच्या खेपेला पुराभिलेखागारात जाईन तेव्हा त्या तर्फेची यादी काढून पाहीन.